पडद्यावरील इतिहास आणि मातीतील पुरावा

गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेची गोष्ट आहे. आपल्या संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांची भाषणे झाली. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने नालासोपारा येथील स्तूपावर फार चांगले भाषण केले. बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, "सोपाऱ्याच्या स्तूपात तथागतांच्या अस्थी सापडल्या आणि हा स्तूप सम्राट अशोकानेच बांधला, हे आता सिद्ध झाले आहे." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर गिरणीतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. त्यांनी अगदी मायेने विचारले, "पोरी, हे तुला कुठं कळलं?"

"टीव्हीवर दाखवलं होतं, आबा."

"आणि टीव्हीवाल्यांना कसं कळलं?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली आणि पुढचे तीन रविवार अभ्यासवर्गाला आली नाही. येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे की ते भाषण आदल्या दिवशी मीच तपासून दिले होते. शुद्धलेखन पाहिले, वेळ पाहिली; पण आबांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनात आला नाही. उत्तर मलाही येत नव्हते. त्या तीन रविवारांचे ओझे मनावर राहिले, म्हणून हा लेखप्रपंच.

इतिहास व पुरातत्त्व या विषयांवरील माहितीपट आज घरोघरी पाहिले जातात. ते पाहावेत की नाही, हा प्रश्नच नाही, अवश्य पाहावेत. मात्र पाहताना कोणते दृश्य पुराव्याचे आणि कोणते कल्पनेचे, हे कसे ओळखावे, याचा विचार काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

व्हाउचरशिवाय नोंद नाही

मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे एक साधा नियम आहे : व्हाउचर असल्याशिवाय खात्यात नोंद करता येत नाही. नोंद कितीही सुवाच्य असो, आकडा कितीही बरोबर वाटो. मागे सहीचा कागद नसेल तर हिशेब तपासनीस ती नोंद मान्य करीत नाही. इतिहासाचेही तसेच आहे. त्याची व्हाउचरे म्हणजे शिलालेख, नाणी, ताम्रपट, मूर्ती, विटा, खापराचे तुकडे, कागदपत्रे आणि ज्या थरात वस्तू सापडली त्या थराची नोंद.

माहितीपटात सर्वसाधारणपणे चार गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात. पहिली, प्रत्यक्ष स्थळ आणि वस्तू. दुसरी, अभ्यासकांच्या मुलाखती. तिसरी, नट घेऊन किंवा संगणकाच्या साहाय्याने उभी केलेली दृश्ये. चौथी, या सर्वांना जोडणारे निवेदन. पहिली गोष्ट पुरावा आहे. दुसरी पुराव्याचा अर्थ आहे. तिसरी कल्पना आहे. चौथी कधी पुराव्याला धरून असते, कधी त्याच्या बरीच पुढे जाते. अडचण अशी की पडद्यावर या चारही गोष्टी एकाच रंगात, एकाच संगीतात आणि एकाच खात्रीच्या सुरात येतात. कागदावर "असावे" आणि "आहे" यांतला फरक डोळ्यांना दिसतो. पडद्यावर तो निसटून जातो.

'भारत एक खोज' आणि सम्राट अशोक

माझ्या पिढीला इतिहासाची गोडी लावली ती दूरदर्शनने. श्याम बेनेगल यांनी पंडित नेहरूंच्या ग्रंथावरून तयार केलेली 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका १९८८ साली सुरू झाली. तेव्हा वाशीला रेल्वे आलेली नव्हती. खाडीपुलावरून बसने ये-जा चालत असे. आमच्या सिडकोच्या इमारतीत टीव्ही दोनच घरी होता. रविवारी शेजारच्या काकूंच्या खोलीत आम्ही दहा-बारा मुले जमिनीवर मांडी घालून बसायचो. त्या मालिकेत ओम पुरी यांनी अशोक उभा केला. आजही अशोक म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर तोच चेहरा येतो. वर्गात, सभेत, वाचनात, सगळीकडे तोच.

मालिका उत्तम होती, यात शंका नाही. परंतु अशोकाविषयी आपल्याला जे माहीत आहे ते कोठून आले, हे समजून घेतले तर त्या चेहऱ्यामागचा खरा शोध लक्षात येतो.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अशोकाचे शिलालेख वाचू शकेल असा एकही मनुष्य भारतात उरला नव्हता. स्तंभ उभे होते, खडकांवर अक्षरे होती. पण लिपी विसरली गेली होती. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केला. तेव्हा कळले की हे लेख 'देवानंपिय पियदसि' असे म्हणवून घेणाऱ्या राजाचे आहेत. हा पियदसि म्हणजे अशोक, हे श्रीलंकेच्या बौद्ध ग्रंथांशी ताडून पाहिल्यावर ठरले. पुढे १९१५ साली आजच्या कर्नाटकातील मस्की येथे सापडलेल्या लेखात 'अशोक' हे नाव प्रत्यक्ष वाचता आले. म्हणजे लिपी वाचल्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनी ही ओळख राजाच्या स्वतःच्या लेखाने पक्की झाली.

कलिंग युद्धाचे दृश्य आपण अनेक मालिकांत पाहतो. त्यामागील व्हाउचर कोणते? अशोकाचा तेरावा शिलालेख. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली गेली आणि त्याचा राजाला पश्चात्ताप झाला, हे त्यात राजाने स्वतः सांगितले आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातील धौली व जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांनी ते दुःख भोगले त्यांच्यासमोर राजाने ते आकडे का मांडले नाहीत, यावर विद्यार्थ्यांनी विचार करावा. रणांगणावर प्रेतांमधून एकटा फिरणारा अशोक मात्र दिग्दर्शकाचा आहे. शिलालेखात तो नाही.

आता चेहऱ्याचे पाहू. १९८८ साली मालिका सुरू झाली तेव्हा ज्यावर अशोकाचे नाव कोरले आहे असे त्याचे एकही प्राचीन शिल्प माहीत नव्हते. नंतर १९९०च्या दशकात, कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी येथे, आपल्याच भीमा नदीच्या काठी, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मोठ्या स्तूपाचे उत्खनन केले. तेथे एका शिल्पपटावर राजा, राणी व दासी कोरलेल्या आहेत आणि वर ब्राह्मीत लिहिले आहे : 'रायो असोको', म्हणजे राजा अशोक. हे शिल्प सातवाहन काळातील, म्हणजे अशोकानंतर काही शतकांनी घडवलेले आहे. त्यामुळे तो त्याचा हुबेहूब चेहरा म्हणता येणार नाही. तथापि प्राचीन शिल्पकाराने 'हा अशोक' असे नाव घालून दाखवलेली आकृती प्रथमच आपल्यासमोर आली.

यातून पहिला धडा मिळतो. संशोधन पुढे जात राहते. माहितीपट मात्र तयार झाला त्या दिवशीच थांबतो. म्हणून तो कोणत्या साली तयार झाला, हे आधी पाहावे.

'संविधान' : जेथे शब्दन् शब्द लिहिलेला आहे

याच श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका २०१४ साली त्या वेळच्या राज्यसभा टीव्हीवर दाखविण्यात आली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका सचिन खेडेकर यांनी केली आहे. हीदेखील नट घेऊन केलेली मालिका. मग अशोकाची दृश्ये आणि ही दृश्ये सारखीच मानायची काय?

तसे मानता येणार नाही. संविधान सभेचे कामकाज ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभेपुढे मांडला, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाचे भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकृत झाले. या सर्व चर्चांची शब्दशः इतिवृत्ते छापलेली आहेत. म्हणून मालिकेतील एखादे भाषण ऐकून त्या तारखेचे इतिवृत्त उघडता येते आणि कोणते वाक्य मूळचे, कोणते संक्षिप्त केलेले, हे कोणालाही पाहता येते. सभागृहाबाहेर दालनात किंवा घरात झालेल्या खासगी बोलण्याची दृश्ये मात्र या कसोटीला उतरत नाहीत. तेथे लेखकाला कल्पनेचा आधार घ्यावाच लागतो.

शिवाय जवळजवळ तीन वर्षांचे काम दहा भागांत बसवायचे म्हणजे निवड करावी लागते. जे दाखवले ते खरे असले तरी जे गाळले तेही खरेच होते. आपल्या अभ्यासवर्गात आम्ही आता एक उपक्रम ठेवला आहे. मालिकेतील एक प्रसंग पाहायचा आणि त्याच दिवसाचे इतिवृत्त मोठ्याने वाचायचे. बाबासाहेबांना विरोध करणारे सदस्य काय म्हणाले आणि त्यांनी त्याला काय उत्तर दिले, हे वाचताना मुले पडद्यापेक्षाही अधिक रंगतात, हा अनुभव आहे.

याच संदर्भात एका चित्रणाचा उल्लेख केला पाहिजे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्यात नट नाही, नेपथ्य नाही. रस्त्यावर लोटलेला जनसागर आणि त्यातले रडणारे चेहरे कॅमेऱ्याने जसेच्या तसे टिपले आहेत. पुढे झालेल्या अनेक माहितीपटांत दिसणारी दृश्ये अशा मूळ चित्रणातून येतात. असे चित्रण हाच पुरावा असतो. म्हणून जुन्या काळ्या-पांढऱ्या दृश्यांपैकी खरे चित्रण कोणते आणि नंतर मुद्दाम जुन्यासारखे दिसेल असे केलेले कोणते, हेही विचारण्याची सवय लावली पाहिजे.

पिप्रहवा : शंका घेऊन केलेला शोध

तिसरे उदाहरण उत्तर प्रदेशातील पिप्रहवा या गावाचे आहे. नेपाळच्या सीमेजवळ या गावी जानेवारी १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीतील एक टेकाड खणले. आत विटांचा स्तूप निघाला, त्याखाली दगडी पेटी आणि पेटीत करंडक, अस्थींचे तुकडे, सोन्याची पाने-फुले आणि शेकडो रत्ने. एका करंडकावर ब्राह्मीत लेख होता. त्यात भगवान बुद्धांचे आणि शाक्यांचे नाव होते.

पण लगेच संशय निर्माण झाला. त्याच सुमारास जवळच्या भागात सरकारी पुरातत्त्व खात्यातील ए. ए. फ्यूरर हा अधिकारी काम करीत होता. त्याने खोटे लेख व खोटे शोध जाहीर केल्याचे आणि ब्रह्मदेशातील एका भिक्खूंना बनावट अवशेष विकल्याचे उघडकीस आले. त्याला १८९८ मध्येच नोकरी सोडावी लागली. साहजिकच लोकांना वाटले, पिप्रहव्याचा लेखही बनावट नसेल कशावरून?

या प्रश्नावर २०१३ साली 'बोन्स ऑफ द बुद्धा' नावाचा माहितीपट निघाला. लेखक चार्ल्स ॲलन यांनी त्यात पेपे कुटुंबाकडील कागद पाहिले, वस्तू पाहिल्या आणि हॅरी फाल्क या जर्मन लिपितज्ज्ञांकडून लेख तपासून घेतला. लेखाची भाषा व अक्षरांची ठेवण पाहता तो अस्सल आहे आणि त्याचा काळ अशोकाच्या सुमाराचा, म्हणजे तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरचा आहे, असा निष्कर्ष मांडला गेला. हा माहितीपट मला चांगला वाटतो तो त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या पद्धतीसाठी. त्यात शंका लपवलेली नाही. "हे खोटे असू शकेल काय?" असे आधी विचारले आणि मग तपास केला.

तरीही तेथे सर्व वाद संपले असे नाही. १९७१ नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. एम. श्रीवास्तव यांनी त्याच स्तूपात आणखी खोल उत्खनन केले. त्यांना खालच्या थरात आणखी करंडक व अस्थी मिळाल्या आणि विहाराच्या परिसरात 'कपिलवस्तु' असे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. त्यावरून पिप्रहवा हेच कपिलवस्तु असे त्यांनी प्रतिपादन केले. नेपाळमधील अभ्यासक तिलौराकोट येथील प्राचीन नगराला कपिलवस्तु मानतात. एकच माहितीपट पाहून आपण एका बाजूचे वकील होऊ नये, ही खबरदारी येथे घेतली पाहिजे.

या शोधाचा शेवटचा अध्याय अलीकडचा आहे. १८९८ मधील रत्नांचा काही भाग पेपे कुटुंबाकडे राहिला होता. मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे त्यांचा लिलाव ठरला. जगभरातील बौद्धांनी आक्षेप घेतला, भारत सरकारने नोटीस दिली आणि लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये ही रत्ने भारतात परत आली. एका टेकाडातील वस्तूंचा हा प्रवास १२७ वर्षांचा आहे. २०१३ च्या माहितीपटात अर्थातच हा भाग नाही.

सोपारा : घराजवळचा धडा

आता आपल्या त्या मुलीच्या भाषणाकडे वळू. सोपाऱ्यात नेमके काय सापडले?

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर. तेथील टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. स्तूप होता ही आठवण पुसली गेली होती. बुरुड राजाची दंतकथा तेवढी उरली होती. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणले. जुनागढला जन्मलेले हे पंडित मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून तयार झाले. त्यांनी विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. परंतु प्राचीन लेख वाचण्यात त्यांचा अधिकार मोठमोठ्या विद्वानांनी मानला.

स्तूपाच्या मध्यभागी एक गोल दगडी पेटी मिळाली. तिच्या मधोमध तांब्याचा करंडक होता आणि त्याभोवती आठ छोट्या मूर्ती बसवलेल्या होत्या : सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात अस्थी नव्हत्या. मातीच्या पात्राचे तेरा छोटे तुकडे होते. तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने ठेवले असावेत, असे मानले जाते. सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते.

आता आबांचा प्रश्न विचारा : कसे कळले? यज्ञ सातकर्णी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा राजा. त्याचे नाणे ज्या ठेवीत आहे ती ठेव त्याच्या आधीची असू शकत नाही. पुढच्या वर्षीची तारीख असलेली पावती यंदाच्या फाईलीत कशी सापडेल? तसेच हे. मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकातील आहे. याचा अर्थ असा लावला जातो की मूळ ठेवीनंतर काही शतकांनी पेटी पुन्हा उघडली गेली आणि श्रद्धावान उपासकांनी मूर्ती ठेवून ती परत बंद केली. म्हणजे एकाच पेटीत दोन काळ आहेत.

मग अशोकाचा संबंध कोठून आला? त्याच १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे करमणुकीच्या, शिकारीच्या यात्रा करीत. आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली आणि राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानी गेलो, असे अशोकाने या लेखात सांगितले आहे. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. त्यावरून अशोकाच्या काळी सोपारा महत्त्वाचे ठिकाण होते, हे निश्चित होते. परंतु हा स्तूप अशोकानेच बांधला, असे त्या लेखात कोठेही लिहिलेले नाही. तो त्या काळचा असू शकेल. ते अनुमान झाले.

आमच्या मुलीने पाहिलेल्या कार्यक्रमात शिलालेख खरा होता, स्तूप खरा होता, करंडकही खरे होते. निवेदकाने फक्त "असू शकेल" ऐवजी "आहे" म्हटले आणि खापराऐवजी अस्थी म्हटले. एवढ्या दोन शब्दांनी एका मुलीला भर सभेत मान खाली घालावी लागली.

आपणच अधिक काटेकोर का असावे?

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना अभिमान वाटतो तर एवढा कीस कशाला काढायचा? मला वाटते, हा प्रश्न उलट बाजूने पाहिला पाहिजे. ज्यांचा इतिहास पोथ्यांत, घराण्यांत आणि दरबारात सांभाळला गेला, त्यांचे एखाद्या चुकीने फार बिघडत नाही. आपला इतिहास विसरला गेला होता. स्तूपाला बुरुड राजाचा कोट म्हटले गेले आणि अशोकाचे अक्षर कोणाला वाचता येईना. हा इतिहास आपल्याला पुन्हा मिळाला तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर विट, खापर आणि अक्षर यांच्या साक्षीने. सारनाथ येथे १९०५ साली उत्खननात सिंहशीर्ष मिळाले. आज ते राष्ट्राचे बोधचिन्ह आहे आणि माझ्या हातून दररोज जाणाऱ्या नोटांवर छापलेले आहे. पुराव्याचे बळ ते हेच. आपण स्वतःच पुराव्याविना बोलू लागलो, तर आपले एक खोटे विधान दाखवून समोरचा आपली दहा खरी विधाने फेटाळून लावील. खोट्या पुराव्याने श्रद्धेचा कसा व्यापार होतो, हे फ्यूररच्या उदाहरणाने दाखवून दिलेच आहे.

शिवाय तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हाच उपदेश केला. परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या. अडीच हजार वर्षांपूर्वी टीव्ही नव्हता, पण उपदेश त्यालाही लागू आहे.

विद्यार्थ्यांसाठी पाच प्रश्न

माहितीपट किंवा मोबाईलवरील इतिहासाची चित्रफीत पाहताना वही जवळ ठेवावी आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१) हा कार्यक्रम कोणत्या साली तयार झाला? त्यानंतर त्या स्थळी नवे काही सापडले काय?

२) दाखवलेली वस्तू खरी की प्रतिकृती? खरी असल्यास ती आज कोठे ठेवलेली आहे?

३) काळ कशावरून ठरवला : नाण्यावरून, अक्षरावरून, थरावरून की प्रयोगशाळेतील तपासणीवरून?

४) बोलणारी व्यक्ती कोण? तिने स्वतः उत्खनन किंवा वाचन केले आहे काय? वेगळे मत असलेल्या अभ्यासकाला बोलू दिले आहे काय?

५) निवेदक "आहे" म्हणतो की "असावे" म्हणतो? तज्ज्ञ "असावे" म्हणत असताना निवेदक "आहे" म्हणत नाही ना?

या पाचांपैकी तीन प्रश्नांना उत्तर देणारा कार्यक्रम चांगला समजावा. एकालाही उत्तर न देणारा कार्यक्रम करमणूक म्हणून पाहावा. भाषणात त्याचा आधार घेऊ नये.

शेवटी

चौथ्या रविवारी मी आणि आबा त्या मुलीच्या घरी गेलो. आबांनी तिला सांगितले, "तुला खाली पाडायला नव्हतं विचारलं गं. मला खरंच माहीत नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तू शिकलेली, म्हणून तुला विचारलं." मुलगी रडली आणि मग हसली. पुढच्या सुट्टीला आम्ही अभ्यासवर्गाची अठरा मुले घेऊन निघालो. वाशीहून कुर्ला, तेथून दादर आणि दादरहून विरार लोकलने नालासोपारा. स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षाने स्तूपापर्यंत गेलो. पडद्यावर जो स्तूप भव्य दिसत होता तो प्रत्यक्षात झाडीतला विटांचा उंचवटा आहे. काही मुले थोडी हिरमुसली. पण ती मुलगी वही उघडून उभी राहिली आणि कोणती गोष्ट कोठे सापडली, काय माहीत आहे आणि कशाचे अनुमान आहे, हे तिने सर्वांना समजावून सांगितले. परतीच्या आठवड्यात आम्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशोकाच्या लेखाचा तो तुकडाही पाहिला. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

त्या वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात तिने पुन्हा सोपाऱ्यावरच भाषण केले. या वेळी "सिद्ध झाले आहे" हे शब्द एकदाच आले आणि "असे मानले जाते" हे शब्द चार वेळा. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडल्या, हे खरे. भाषण संपल्यावर आबांनी नेहमीप्रमाणे हात वर केला. सभागृहात क्षणभर शांतता पसरली. आबा म्हणाले, "आता मला काही विचारायचं नाही. फक्त पुढच्या वेळी मलाही घेऊन जा. तो अशोकाचा दगड मला पाहायचा आहे."

आपल्या सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी माहितीपट जरूर पाहावेत. तो संपल्यावर टीव्ही बंद करून एकमेकांना आबांचा प्रश्न मात्र विचारावा.